दादाला कामावरून काढलंय (परमनंट होता, युनियन आहे) – परत घेतात का?

नीलमोहर | ११ फेब्रुवारी २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे कारखान्यांत आणि युनियनमध्ये आयुष्य घालवलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय.

माझा मोठा भाऊ ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत ऑपरेटर होता. १७ वर्षं, परमनंट. गेल्या जुलैत थर्ड शिफ्टला पहाटे पावणेचारच्या सुमारास तो मशीनशेजारी पुठ्ठ्यावर झोपलेला सापडला. मशीन बंद पडलं होतं, फिटर यायचा होता. शिफ्ट इनचार्जशी थोडी बाचाबाची झाली. दुसऱ्या दिवशी सस्पेंड, मग चार्जशीट, मग चौकशीच्या पाच बैठका, आणि २७ नोव्हेंबरला रजिस्टर पोस्टाने डिसमिसलचं पत्र हातात.

युनियनवाले म्हणतात, "बोलणी चालू आहेत. एप्रिलमध्ये नवा करार आहे, त्यात तुझं नाव घालतो. तोवर कोर्टबिर्ट करू नकोस, मॅनेजमेंट बिथरेल." वहिनी ब्लाउज शिवते, भाची दहावीला आहे, परीक्षा तोंडावर आलीय. दादा दिवसभर खिडकीत बसून असतो.

गैरवर्तनावरून काढलेला माणूस खरंच परत कामावर लागतो का? कोणाचा अनुभव असेल तर प्लीज लिहा.

घोडबंदरचा_घोडा | ११ फेब्रु, रात्री ९:५२

मशीन बंद म्हणून माणूस बंद. यात गैरवर्तन कुठलं, हे तर एनर्जी सेव्हिंग. (हलके घ्या ताई)

तिसरी_पाळी | ११ फेब्रु, रात्री १०:१५

घोडेराव, तुम्ही थर्ड शिफ्ट केलेली दिसत नाही. अडीचपर्यंत माणूस गप्पा मारतो, तीनला चहा होतो, आणि पावणेचार ते पाच ही वेळ वैऱ्यालाही नको. मी तोंडावर पाणी मारून, चुना जरा जास्त लावून तंबाखू धरायचो, तरी उभ्या उभ्या डुलकी यायची. आमच्याकडे पुठ्ठा अंथरण्याची 'पद्धत' होती. पुठ्ठा कुठे ठेवलाय हे सुपरवायझरलाही ठाऊक असायचं, कारण कधी कधी तोच त्याच्यावर असायचा.

नीलमोहर ताई, धीर धरा. नुसत्या झोपेसाठी १७ वर्षांचा माणूस जात नाही.

निवृत्त_पर्सोनेल | ११ फेब्रु, रात्री १०:४८

मी २६ वर्षं पर्सोनेल खात्यात होतो (एचआर हा शब्द नंतर आला), म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मी उलटं वाचतो. नुसत्या झोपेसाठी जात नाही, म्हणजे नुसती झोप नाही. 'थोडी बाचाबाची' या दोन शब्दांत काय दडलंय ते आधी सांगा. चार्जशीटमध्ये स्टँडिंग ऑर्डरची (कंपनीच्या शिस्तीच्या नियमांची) कुठली कलमं लावलीत ती लिहा. नावं गाळा.

वकिली_चष्मा | ११ फेब्रु, रात्री ११:२०

ताई, बाकीचं नंतर. पत्राची तारीख २७ नोव्हेंबर म्हणताय. आज ७६ वा दिवस आहे.

महाराष्ट्रात १९७१ चा एमआरटीयू-पीयूएलपी कायदा आहे. त्याखाली 'अनुचित कामगार प्रथा' म्हणून लेबर कोर्टात तक्रार करता येते, पण ती ९० दिवसांत. तुमचे ९० दिवस २५ फेब्रुवारीला भरतात. त्या दिवशी रविवार. आदला दिवस चौथा शनिवार. १९ ला शिवजयंतीची सुट्टी. शेवटचा दिवस सुट्टीचा असला तर सोमवारी दाखल होतं, आणि उशीर माफ करायचा अर्जही करता येतो, पण तेवढं ताणायचं कशाला? एप्रिलच्या कराराची वाट बघत बसलात तर हा दरवाजा बंद होईल. उद्याच सगळे कागद घेऊन लेबरचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा. दिवाणी किंवा घटस्फोटवाला नको.

कमिटी_मेंबर_तुर्भे | १२ फेब्रु, सकाळी ७:०५

वकीलसाहेब आले की युनियन वाईट. नेहमीचंच.

मी ११ वर्षं कमिटीवर आहे. ताई, युनियन थांबा म्हणते त्याला कारण असतं. कराराच्या टेबलावर मॅनेजमेंटला सह्या हव्या असतात, प्रॉडक्शन हवं असतं. तेव्हा एक-दोन माणसं परत घ्यायचा सौदा होतो. मी स्वतः तसे दोघे आत आणलेत. कोर्टात गेलं की मॅनेजमेंट म्हणतं, मॅटर सब-ज्युडिस (कोर्टासमोर) आहे, आता बोलायचं नाही. मग बसा तारखा मोजत.

वकिली_चष्मा | १२ फेब्रु, सकाळी ७:३०

बोलणी करा ना, कोणी अडवलंय? केस दाखल असतानाही समझोता होतो, कन्सेंट टर्म्स (समझोत्याच्या अटी) कोर्टात दाखल करता येतात. 'सब-ज्युडिस' ही मॅनेजमेंटची सबब आहे, कायद्यात तसं काही नाही. आणि बोलणी फिसकटली तर मुदत गेल्याची भरपाई कमिटी देणार आहे का?

कमिटी_मेंबर_तुर्भे | १२ फेब्रु, सकाळी ७:४१

तुमची फी कमिटी देणार आहे का?

घोडबंदरचा_घोडा | १२ फेब्रु, सकाळी ८:१०

मी चहा ठेवतो, तुम्ही चालू द्या.

नीलमोहर | १२ फेब्रु, दुपारी १:२५

सगळ्यांचे आभार. पाळीच्या पुठ्ठ्याचं दादाला वाचून दाखवलं, बऱ्याच दिवसांनी हसला.

चार्जशीट शोधली. इंग्रजीत आहे, भाचीकडून समजून घेतली. चार आरोप आहेत: कामावर असताना झोपणे, वरिष्ठांची अवज्ञा, बेशिस्त वर्तन आणि मालमत्तेचं हेतुपुरस्सर नुकसान.

आता खरं सांगते, इथे लपवून काय उपयोग. इनचार्ज पंचविशीचा मुलगा, चार महिन्यांपूर्वी लागलेला. त्याने दादाला उठवलंच नाही, आधी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं आणि हसत दुसऱ्या मुलाला म्हणाला, "बघ, आपले सीनियर." दादा त्या आवाजाने उठला, आईवरून शिवी दिली आणि हाताने मोबाइल उडवला. तो खाली पडून फुटला. अंगाला हात लावलेला नाही. व्हिडिओत शेवटी हात येताना दिसतो आणि बंद.

चौकशीत युनियनचा माणूस बचावाला दिला होता. पाचपैकी दोन बैठकांना आला. इनचार्जची साक्ष झाली तेव्हा दादा एकटाच होता. "प्रश्न विचारायचेत का?" असं विचारल्यावर "नाही" म्हणाला. प्रत्येक पानावर सही केलीय. म्हणतो, चहा-बिस्कीट द्यायचे, साहेब गोड बोलायचे, मला वाटलं मिटतंय.

निवृत्त_पर्सोनेल | १२ फेब्रु, दुपारी २:५०

हं. आता चित्र पूर्ण झालं.

ताई, कडू वाटेल, पण तुमच्याशी गोड बोलून दादांचं भलं होणार नाही. ही इन्क्वायरी कागदावर स्वच्छ दिसणार. चार्जशीट दिली, संधी दिली, बचावाला माणूस दिला, उलटतपासाची विचारणा केली, सह्या आहेत. चौकशी अधिकाऱ्याला कंपनी पैसे देते एवढ्यावरून तो पक्षपाती ठरत नाही. चार्जशीट इंग्रजीत होती ही हरकत पहिल्या बैठकीत नोंदवायला हवी होती, आता तिचा जोर कमी. चहा-बिस्किटांचं म्हणाल तर माझ्या टेबलावरही बिस्किटं असायची. त्यात काही पाप नव्हतं, पण बिस्किटं आणि फाइंडिंग्ज (चौकशीचे निष्कर्ष) यांचा काही संबंध नसायचा, हे कामगाराला कोणी सांगत नसे.

तेव्हा 'मी काही केलंच नाही' हा बचाव सोडा. लढाई शिक्षेच्या प्रमाणावर लढा. १७ वर्षांचं रेकॉर्ड कसं आहे? मेमो, वॉर्निंग, आधी सस्पेन्शन?

नीलमोहर | १२ फेब्रु, दुपारी ३:१०

एकच मेमो, २०१४ चा, उशिरा आल्याबद्दल. ते पण पावसात हार्बर बंद होती तेव्हाचा.

वकिली_चष्मा | १२ फेब्रु, संध्या. ६:३५

पर्सोनेल काकांशी सहमत (कधी नव्हे ते). झोपेवरच्या दोन केसेस सांगतो. दोन्ही आपल्याच राज्यातल्या आणि दोन्ही सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या.

पहिली ठाण्याची. कलर-केम, निकाल १९९८. रात्रपाळीत प्लांट चालू असताना कामगार झोपलेले सापडले, बडतर्फ झाले. कोर्ट म्हणालं, ही शिक्षा गैरवर्तनाच्या मानाने धक्कादायक जास्त आहे, हीच अनुचित प्रथा. माणसं परत.

दुसरी पुण्याची. भारत फोर्ज, निकाल २००५. हा कामगार पहिल्या पाळीत, सकाळी ११:४० ला झोपलेला सापडला. पण त्याआधी तीन वेळा दोषी ठरून दर वेळी किरकोळ शिक्षेवर सुटलेला होता. बडतर्फी कायम.

झोप तीच, आधीचं रेकॉर्ड वेगळं. दादांचं रेकॉर्ड पहिल्या गटातलं आहे.

अडचण शिवीची आहे. २००५ मध्येच महिंद्र अँड महिंद्रच्या केसमध्ये वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या दिल्या म्हणून झालेली बडतर्फी सुप्रीम कोर्टाने योग्य ठरवली. लेबर कोर्टाने आणि हायकोर्टाने कामगाराला परत घ्यायला सांगितलं होतं, तरीही. तेव्हा शिवी दिली ती कुठल्या परिस्थितीत, हे रेकॉर्डवर आणणं महत्त्वाचं. व्हिडिओचा आवाज पूर्ण वाजवायला लावा. 'बघ, आपले सीनियर' हे त्यात असेल तर सोनं आहे.

फोरमन_काका | १२ फेब्रु, रात्री ९:१५

इतका वेळ वाचत होतो. सगळे कामगाराच्या बाजूने बोलताहेत म्हणून लिहितो.

मी वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं सुपरवायझर आणि नंतर फोरमन होतो. ९८ साली एका ऑपरेटरला चालू मशीनचा गार्ड काढू नकोस म्हणालो, तर त्याने पाना फेकून मारला. कपाळावर सात टाके. त्यालाही काढला, तोही कोर्टात गेला, आणि सहा वर्षांनी परत माझ्याच सेक्शनला हजर झाला. त्या दिवशी सकाळी मी गेटवरून आत येताना तो टाइम ऑफिसपाशी उभा होता. 'नमस्कार साहेब' म्हणाला. पुढची चार वर्षं मी त्याला एकही काम जोरात सांगू शकलो नाही. सांगायचो ते दुसऱ्याच्या तोंडून. इन्क्रिमेंट माझं अडकलं, कारण सेक्शनचं प्रॉडक्शन पडलं.

कोर्टाने शिक्षेचं प्रमाण बघितलं. माझ्या कपाळाचं कोणी बघितलं नाही. ताई, तुमच्या भावाने हात लावला नाही म्हणता, मानतो. पण तो पंचवीस वर्षांचा पोरगा उद्या त्याच शॉपवर दादासमोर उभा राहणार आहे, त्याचाही विचार करा.

तिसरी_पाळी | १२ फेब्रु, रात्री ९:४०

काका, पाना आणि मोबाइल एक नाही. आणि झोपलेल्या माणसाचं शूटिंग करून हसणारा सुपरवायझर आमच्या वेळी असता तर त्याला चहा मिळाला नसता आठवडाभर.

फोरमन_काका | १२ फेब्रु, रात्री ९:४८

एक नाही, मान्य. शूटिंग मीही केलं नसतं. उठवलं असतं आणि सकाळी केबिनमध्ये बोलावून घेतलं असतं. पण हल्ली त्या पोरांना वरून व्हॉट्सअॅपवर फोटोच मागतात, पुरावा म्हणून. पोरगा काय करेल?

खोपटची_एसटी | १३ फेब्रु, सकाळी ११:००

माझे मिस्टर एसटीत चालक आहेत. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास संप सुरू झाला तेव्हा सस्पेंड झाले, मग बडतर्फ. पाच-साडेपाच महिने पगार नाही. मंगळसूत्राची वाटी तेवढी गळ्यात ठेवली होती, बाकी सगळं गहाण. शेवटी हायकोर्टाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत हजर व्हा सांगितलं आणि बडतर्फ झालेलेही आत गेले. तेव्हा बडतर्फ म्हणजे शेवट असं नसतं ताई.

निवृत्त_पर्सोनेल | १३ फेब्रु, सकाळी ११:३०

तुमच्या घरावर काय गुजरलं असेल याची कल्पना आहे. पण तो सगळ्यांचा मिळून झालेला संप होता. हजारो माणसं काढली की बस चालवायला कोणी उरत नाही, म्हणून परत घ्यावंच लागतं. एकट्या माणसाची केस निराळी. त्याच्यावाचून मशीन अडत नाही.

पटणीचा_चहावाला | १३ फेब्रु, दुपारी १२:१५

अवांतर: ठाणे-बेलापूर रोड हे नाव काढलं की आमच्यासारख्यांना गेट मीटिंग आठवते. संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी प्रत्येक गेटसमोर वेगळा झेंडा, वेगळा नेता. कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांचे कामगार गेटवर उभे राहिले की साहेब लोक मागच्या गेटने जायचे असं ऐकत वाढलो. आता त्याच पट्ट्यात काचेच्या इमारती आणि गेटवर कार्ड टॅप करणारी मुलं. दिघा गाव स्टेशन गेल्या महिन्यात सुरू झालं, परवा उतरून बघितलं तर अर्धी गर्दी लॅपटॉपवाली.

घोडबंदरचा_घोडा | १३ फेब्रु, दुपारी १२:२२

त्या लॅपटॉपवाल्यांना झोपेत काढत नाहीत. झोपेत असताना ईमेल येतो.

कळव्याचा_रिक्षावाला | १३ फेब्रु, रात्री १०:५०

मी परत लागलेला माणूस आहे. नऊ वर्षांनी. म्हणून लिहितो, जरा मोठं होईल.

२००६ मध्ये काढलं. आरोप: ठेकेदाराच्या माणसाच्या थोबाडीत मारली. मारली होती. तो आमच्या बंद मशीनवर नवीन पोरं बसवायला आला होता. असो. लेबर कोर्टात आधी दोन वर्षं चौकशी बरोबर झाली की नाही यावरच गेली. मग शिक्षा जास्त आहे का यावर. दर तारखेला कंपनीचा वकील नाहीतर आमचा वकील नाहीतर साहेब सुट्टीवर. तारीख झाली की मी मामलेदारची मिसळ खायचो, तेवढीच चैन. तिखट नको म्हणून सांगायचो, तरी डोळ्यांत पाणी यायचं, बरं व्हायचं ते.

माझ्या साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलाने विचारलं, "सहा वर्षं घर कसं चाललं?" हा प्रश्न सगळ्यांना विचारतात. दादांना आत्ताच सांगून ठेवा. आमच्या वकिलांनी बजावलं होतं की खोटं बोलायचं नाही. मी सांगितलं, रिक्षा चालवतो, भाड्याची आहे, इतके सुटतात. २०१२ मध्ये निकाल लागला: कामावर घ्या, सर्व्हिस सलग धरा, मागचा पगार निम्मा. माझ्याबरोबरच्या एकाने 'काहीच करत नाही' म्हणून सांगितलं होतं आणि कंपनीने त्याच्या वडापावच्या गाडीचे फोटो आणले. त्याला मागचं काही मिळालं नाही.

आनंदाने पेढे वाटले, तर कंपनी हायकोर्टात. मग तिथली केस चालू असेतोवर औद्योगिक विवाद कायद्याच्या १७-बी कलमाखाली महिन्याचा पगार सुरू झाला. तो कुठला, तर शेवटचा घेतलेला, म्हणजे २००६ चा. २०१३ साली २००६ चा पगार घेऊन भाजी आणायला जायचं म्हणजे गंमतच. तरी ते पैसे येत होते म्हणून टिकलो. त्यासाठी 'दुसरीकडे नोकरी नाही' असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

२०१५ मध्ये आत गेलो. गेटवरचा सिक्युरिटी नवीन, म्हणाला "काका, व्हिजिटर पास घ्या." माझ्या लॉकरला दुसऱ्याचं कुलूप. माझं मशीन भंगारात गेलेलं, त्या जागी टच स्क्रीनवालं. तीन आठवडे मला नुसतं बाकावर बसवलं. शॉपवर चाळीस पोरं, त्यातली परमनंट पाच. ठेक्यावरची पोरं मला 'कोर्टवाले काका' म्हणायची. पण एक सांगतो, त्यातली दोन-तीन पोरं जेवणाच्या सुट्टीत हळूच येऊन विचारायची, "काका, चार्जशीट आली तर सही करायची का?"

२०२१ मध्ये रिटायर झालो. सलग सर्व्हिसची ग्रॅच्युइटी मिळाली. परत गेलो ते बरं केलं का? बायको म्हणते, नऊ वर्षांत रिक्षाच्या दोन झाल्या असत्या. तिला उत्तर नाही माझ्याकडे.

नीलमोहर | १३ फेब्रु, रात्री ११:३०

काका, तुमचा प्रतिसाद दादाने स्वतः वाचला. दोनदा. उद्या वकिलाकडे जाऊ म्हणतोय.

वकिली_चष्मा | १४ फेब्रु, सकाळी ८:००

कळवेकर काका, हे इथल्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा मोलाचं.

एक भर. मागच्या पगाराबाबत २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालात (आपल्याकडच्याच एका शिक्षिकेची केस) सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की काढणं चुकीचं ठरलं तर पूर्ण मागचा पगार हा सर्वसाधारण नियम. कामगाराने आधी सांगायचं की मला दुसरी नोकरी नव्हती किंवा तुटपुंज्या कमाईवर होतो, मग तो कमवत होता हे कंपनीने सिद्ध करायचं. पण गैरवर्तन शाबित झालेलं असेल आणि नुसती शिक्षा कमी केली असेल, तर मागच्या पगाराला कात्री लागते. तुमचे निम्मे त्यातलेच.

निवृत्त_पर्सोनेल | १४ फेब्रु, सकाळी ९:२०

ताई, दोन गोष्टी राहिल्या. सस्पेन्शनमध्ये निर्वाहभत्ता किती मिळाला? पहिले ९० दिवस निम्मा, आणि चौकशीची लांबण कामगारामुळे नसेल तर पुढे किमान ७५ टक्के.

दुसरं, कंपनी 'फुल अँड फायनल'च्या (सगळा हिशेब चुकता झाल्याच्या) कागदावर सही मागेल. करू नका. पीएफ तुमचाच आहे, तो कोणी अडवू शकत नाही. ग्रॅच्युइटीवर मात्र लक्ष ठेवा. बेशिस्त किंवा हिंसक वर्तनासाठी काढलं असेल तर ती पूर्ण किंवा अंशतः जप्त करता येते. चार्जशीटमध्ये 'बेशिस्त वर्तन' उगाच घातलेलं नाही. आम्हीही घालायचो.

नीलमोहर | १४ फेब्रु, दुपारी १२:४०

शेवटपर्यंत निम्माच मिळाला! जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेर. म्हणजे जवळजवळ दीड महिन्याचा फरक राहिला की.

तिसरी_पाळी | १४ फेब्रु, दुपारी १२:५५

कंपनीने पुठ्ठ्यावर झोपायला दिलं नाही आणि स्वतः फरकावर झोपली.

कमिटी_मेंबर_तुर्भे | १४ फेब्रु, रात्री ८:३०

परवा जरा तापून बोललो, वकीलसाहेब राग मानू नका. एक गोष्ट मान्य करतो: पाचपैकी तीन बैठकांना बचाव प्रतिनिधी गैरहजर, हे युनियनला शोभत नाही. ताई, युनियन ऑफिसला लेखी पत्र द्या की अमुक तारखांना प्रतिनिधी आला नाही आणि मी अमुक तारखेला कोर्टात जातोय, बोलणीही चालू ठेवा. पोच घ्या. तोंडी काही नको. मी आमच्या लोकांना हेच सांगतो आणि आमचेच लोक ऐकत नाहीत.

नीलमोहर | २३ फेब्रुवारी २०२४, रात्री ९:१०

अपडेट. ठाण्यातल्या एका वकीलबाईंना भेटलो, तीस वर्षं लेबरचंच काम करतात. त्यांनी कागद वाचायला दोन तास घेतले. गंमत म्हणजे त्यांनी ९० दिवसांचा रस्ता घेतलाच नाही. म्हणाल्या, तिथे 'किरकोळ गैरवर्तनाला धक्कादायक शिक्षा' असं दाखवावं लागेल आणि मोबाइल फुटलाय, शिवी आहे, ते किरकोळ कसं म्हणायचं? त्यापेक्षा औद्योगिक विवाद कायद्याच्या २-ए कलमाखाली (कामगार एकटाही दाद मागू शकतो ते) जाऊ. तिथे ११-ए कलमाने कोर्टाला शिक्षा स्वतः तोलायचा अधिकार आहे. परवा समेट अधिकाऱ्याकडे अर्ज दिला. ४५ दिवसांत मिटलं नाही तर थेट लेबर कोर्ट. युनियनलाही पत्र दिलं, पोच घेतली.

दोन्ही रस्ते एकदम धरता येत नाहीत असंही म्हणाल्या.

वकिली_चष्मा | २३ फेब्रु, रात्री ९:४५

बरोबर आहे त्यांचं. २-ए ला तीन वर्षांची मुदत आहे आणि त्याला युनियनची गरज नाही. मी मुदतीच्या धाकाने तुम्हाला पळवलं, पण रस्ता त्यांनी नीट निवडला. कागद न बघता सल्ला देणाऱ्यात आणि दोन तास बघणाऱ्यात एवढा फरक असतोच.

कमिटी_मेंबर_तुर्भे | २३ फेब्रु, रात्री ९:५२

स्क्रीनशॉट काढून ठेवला.

नीलमोहर | १६ जून २०२४, सकाळी १०:३०

भाचीला दहावीला ८१ टक्के मिळाले, आधी हे.

समेटाच्या तारखांना कंपनी एकदा आली, दोनदा मुदत मागितली. एप्रिलच्या शेवटी लेबर कोर्टात दावा लागला. युनियनचा करार मेमध्ये झाला, पगारवाढ चांगली आहे म्हणे. दादाचं नाव त्यात नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, शेवटच्या रात्रीपर्यंत होतं.

गेल्या आठवड्यात कंपनीने वकिलांमार्फत विचारलं: एकरकमी घ्या आणि राजीनामा द्या. रक्कम इथे लिहीत नाही, पण वहिनी रात्रभर झोपली नाही. दादा नाही म्हणाला. मी विचारलं का, तर म्हणतो, "मोबाइलचे पैसे मी भरतो, त्या पोराची माफीही मागतो, त्याच्या तोंडावर. पण राजीनामा दिला तर मी झोपलो म्हणून गेलो असं राहील." सध्या सकाळी शाळेची व्हॅन चालवतो. किती सुटतात ते वहीत लिहून ठेवतो, रोज. कळवेकर काकांमुळे.

कळव्याचा_रिक्षावाला | १६ जून, दुपारी २:००

वही जपून ठेवा. डिझेलच्या पावत्यापण चिकटवा.

फोरमन_काका | १६ जून, संध्या. ७:१५

माफी तोंडावर मागायला तयार आहे हे वाचून बरं वाटलं. माझ्यावाल्याने कधीच मागितली नाही. मागितली असती तर... जाऊ दे. लेकीचं अभिनंदन.

रबाळे_नवीन | ८ सप्टेंबर २०२४, रात्री ११:०५

नमस्कार, आजच सभासद झाले. हा धागा पूर्ण वाचला. माझ्या मिस्टरांना पण काढलंय, स्टोअरमध्ये होते, स्टॉकमध्ये फरक आला म्हणून. त्यांनी काही घेतलेलं नाही. युनियन म्हणते गणपती होऊ देत, मग बघू. काय करावं?

घोडबंदरचा_घोडा | ८ सप्टें, रात्री ११:१२

ताई, नवीन धागा काढलात तर जास्त लोक बघतील.

वकिली_चष्मा | ८ सप्टें, रात्री ११:१५

नवा धागा उद्या काढा. पत्राची तारीख काय आहे?